पोटातली जागा

ट्रे पडल्याचा आवाज आला तेव्हा वहिनी दुकानात एका गिऱ्हाइकाला पाव कागदात गुंडाळून देत होती. ट्रे पडणं काही नवं नव्हतं. भट्टीपाशी जागा अरुंद, हात घामेजलेले. आठवड्याकाठी एखादा ट्रे जमिनीवर जायचाच. आणि तो गेला की पाठोपाठ दादाचा आवाज यायचा, कधी ट्रेला, कधी हातमोज्यांना, कधी ही भट्टी बांधणाऱ्या गवंड्याला उद्देशून. वहिनी त्या आवाजाची वाट बघत सुतळीची गाठ मारत राहिली. आवाज आला नाही.

ती आत धावली. दादा भट्टीच्या दारापुढे कुशीवर पडला होता. भोवती गरम पाव विखुरलेले, आणि डावा हात ट्रेच्या कडेला टेकलेला. डोळे अर्धवट उघडे होते, पण बघत नव्हते.

"अहो!" वहिनीने आधी तो हात ट्रेवरून उचलला. कोपराखाली लालभडक पट्टा उमटला होता. "अहो, ऐकताय का? बोला काहीतरी!"

गिऱ्हाईक काउंटर ओलांडून मागोमाग आलं होतं. त्याने दादाचं डोकं मांडीवर घेतलं, वहिनीने साखरेच्या डब्यात सरळ हात घातला, पेल्यात पाणी ढवळलं आणि दादाला जरा गिळता येतंय असं दिसल्यावर घोट घोट पाजलं. थोड्या वेळाने दादाच्या ओठांची हालचाल झाली.

"हे पाव विकायचे नाहीत," तो म्हणाला. "खाली पडलेत."

"पावाचं मरू दे!"

"आणि आईला सांगू नकोस. आज वाढदिवस आहे तिचा."

वहिनीला हसावं की रडावं कळेना. नवऱ्याचं डोकं दोन्ही हातांत धरून ती तशीच बसून राहिली. केवढंसं झालं होतं ते डोकं. गालफडं बसलेली, मान बारीक. लग्नानंतर इतक्या वर्षांत या माणसाचा चेहरा तिने अनेक तऱ्हेचा पाहिला होता, पण इतका छोटा कधीच नाही.

दुपारच्या जेवणाला सगळे यायचेच होते. सांगायचं नाही म्हटलं तरी बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत काय लपणार? ताई जिना चढून आली ती हॉस्पिटलच्या गणवेशातच. वॉर्डाची मुख्य परिचारिका ती. सकाळची पाळी संपवून परस्पर आली होती. खोलीच्या दारात पोचली आणि जागच्या जागी थबकली. पलंगावर उशीला टेकून अण्णा बसले होते. तीच वर आलेली गळ्याची हाडं, तेच शर्टात हरवलेले खांदे, दुपारच्या उजेडात तोच अर्धा चेहरा. अण्णांना, तिच्या वडिलांना, जाऊन चार वर्षं झाली होती. ताईने डोळे मिटून उघडले, तेव्हा तिथे दादा होता.

"ये तायडे," तो ओशाळून म्हणाला. "काही झालेलं नाही. जरा घेरी आली."

ताई पलंगापाशी बसली. पर्समधलं छोटं यंत्र काढून तिने त्याच्या बोटाला टोचलं, आकडा बघितला, मग भाजलेला हात बघितला, त्यावर मलम लावून पट्टी गुंडाळली. तिची ही शांतता त्या घरात सगळ्यांना ठाऊक होती. वादळाआधीची असायची.

"सकाळी काय खाल्लंस?"

"खाल्लं ना."

"काय?"

"काकडी."

"आणि काल रात्री?"

दादा छताकडे बघायला लागला.

"तीच," वहिनी दारातून म्हणाली. "अर्धी काल, अर्धी आज."

"आणि डॉक्टरांनी दिलेली साखरेची गोळी?"

"ती मात्र वेळेवर घेतो," दादा जरा अभिमानाने म्हणाला.

"शाबास!" ताईचा आवाज चढला. "गोळी घ्यायची आणि जेवायचं नाही! अरे, ती गोळी रक्तातली साखर खाली आणते. पोटात काही नसताना ती कुठून आणणार आणि कुठे नेणार? भट्टीच्या तोंडाशी पडला होतास तू. हात भाजला त्याऐवजी तोंड भाजलं असतं म्हणजे?"

एवढ्यात जिना करकरला. छोटू आला. छोटू नावाचा हा माणूस त्या दारातून जरा तिरका होऊनच आत येऊ शकायचा, एवढे रुंद त्याचे खांदे. पलीकडच्या गल्लीत टायरच्या दुकानावर त्याची जिम होती. हातात आईसाठी फळांची टोपली, चेहऱ्यावर वाढदिवसाचं हसू. पलंगावरच्या दादाच्या हाताची पट्टी पाहताच ते हसू ओघळलं.

"या," ताई म्हणाली. "तुझीच वाट बघत होतो. बघ, कसा फिट करून ठेवलायस भावाला."

"काय झालं?"

"काय झालं ते मला विचारतोस? या माणसाचा आहार कोणी ठरवला? त्या पावडरी कोणी आणून दिल्या? दोन महिने तोंड बांधून कोणी निरोगी होत नाही, छोटू. जे तो साठाव्या वर्षीही आवडीने खाईल, ते त्याला आज खायला शिकव. एवढं साधं कळत नाही तुला?"

छोटूच्या मदतीला कोण यावं, तर वहिनी आली.

"एक मिनिट, ताई. छोटूभाऊजींना सगळं बोलून मोकळ्या होऊ नका. यांना घाबरवलं कोणी? साखर निघाली त्या दिवशी इथेच बसून तुम्ही सांगितलंत, वॉर्डात कोणाचा पाय कापला, कोणाची नजर गेली. तुम्ही सांगून घरी गेलात. रात्रभर हा माणूस स्वतःच्या पायाची बोटं मोजत होता."

"मी घाबरवायला नाही, सावध करायला सांगितलं होतं."

"सावध केलंत, पण मग खायचं काय ते कोण सांगणार? माझ्या हातचं सगळं बंद झालं. इतकी वर्षं चाललं, आणि एका दिवसात माझा स्वयंपाक म्हणजे विष!"

"वहिनी बरोबर बोलतायत," छोटू म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा!" वहिनी त्याच्याकडे वळली. "तुमच्या जिमच्या भिंतीवर माझ्या नवऱ्याचं उघडं पोट टांगलंय. अख्खी गल्ली बघून जाते. पाव घ्यायला आलेल्या बायका मला विचारतात, दुसरा फोटो कधी लागणार?"

हे मात्र खरं होतं. जिममध्ये शिरल्याबरोबर समोर दादाचा मोठा फोटो होता, सुटलेल्या पोटाचा, आणि त्याच्या शेजारी तेवढीच मोकळी चौकट. उद्या फोटोवाला येणार होता.

छोटू पलंगाच्या कडेला बसला. पलंग कुरकुरला.

"दादा, मी तुला दिवसातून चार वेळा खायला सांगितलं होतं. अंडी, डाळी, शिजवलेल्या भाज्या, फळ. तुझ्याच बेकरीतला भरड पिठाचा पावसुद्धा सांगितला होता, रोज दोन तुकडे. पावडर फक्त व्यायामानंतर. आठवतंय?"

"आठवतंय."

"मग तू ते खात होतास ना?"

दादाने पट्टीची कड चाचपली.

"निम्मं," तो म्हणाला. "नंतर नंतर त्याच्या निम्मं."

"का?"

"लवकर व्हावं म्हणून."

आतल्या स्वयंपाकघरातून आईच्या पळीचा आवाज येत होता. स्वतःच्या वाढदिवसाचा स्वयंपाक तीच करत होती, दरवर्षीप्रमाणे. तिला काही ऐकू गेलं असेल का, हे पळीच्या आवाजावरून कळत नव्हतं.

छोटू खाली बेकरीत गेला. त्याने जमिनीवरचे पाव गोळा केले, ट्रे जागेवर ठेवला, भट्टीचं दार लावलं. पिठाचा, यीस्टचा, तापलेल्या विटांचा वास. जिममध्ये रबराचा आणि घामाचा वास असतो. पण बालपण म्हटलं की हाच.

तो शाळेत जायच्याही आधी दादा अण्णांच्या सायकलवरून पाव टाकायला जायचा. पुढच्या टोपलीत पाव, आणि पावांच्या मध्ये जागा करून बसवलेला छोटू. पाव ऊबदार असायचे, दोन्ही मांड्यांना शेक लागायचा. चढ आला की दादा सीटवरून उठून पेडल मारायचा आणि ओरडायचा, "मोज रे!" छोटूला तेव्हा वीसच्या पुढे येत नसे, म्हणून चढ नेहमी विसातच संपायचा. त्या पोरसवदा दादाच्या पोटऱ्या नुसत्या दोऱ्या होत्या. छोटूला व्यायामाचं वेड लागलं ते कुठलं मासिक बघून नव्हे, त्या पोटऱ्या बघून.

जिन्यावर पावलं वाजली. भिंतीला धरून दादा उतरत होता.

"तुला झोपायला सांगितलंय ना?"

"ताईला सांगू नकोस." तो पिठाच्या पोत्यावर टेकला. "छोटू, तू ताईचं मनावर घेऊ नकोस. चूक माझी आहे."

"तू मला खोटं सांगत होतास, दादा. दर आठवड्याला तुझं वजन करताना मी सगळ्यांना बोलावून दाखवत होतो. म्हणत होतो, बघा, माझ्या भावाला जमतं, तुम्हाला का जमत नाही? आणि तू उपाशी!"

"तुझ्या त्या भिंतीवरची मोकळी चौकट बघवत नव्हती रे. येणारा जाणारा बघतो, तुला विचारतो. म्हटलं, लवकर भरून टाकू. तुझ्या जिमचं नाव होईल."

छोटूने तोंड फिरवलं. लाकडी टेबलावरचं पीठ तो उगीचच तळहाताने एकत्र करायला लागला.

"आणि दुसरं," दादा पुढे म्हणाला, "मला अण्णांसारखं व्हायचं होतं. आठवतात ना? कधी पोट सुटलं नाही, कधी दम लागला नाही. ताटावरून उठताना पोटात थोडी जागा ठेवून उठायचे. मी कितीदा पाहिलंय. समोर भाजी असायची, पाव असायचा, तरी हात धुवायचे. केवढा ताबा! मला वाटलं, आपण त्यांचेच मुलगे, आपल्याला का जमू नये?"

छोटूलाही ते आठवत होतं. अण्णांचं ते पोट थोपटणं, आणि "बास, भरलो" म्हणणं. तो कितीतरी वेळा जिममधल्या लोकांना हेच सांगायचा. माझे वडील कधी तुडुंब जेवले नाहीत.

वरून वहिनीची हाक आली. ताटं मांडली होती.

आई सगळं मधोमध मांडून टेबलाशी उभी होती. घेवडा, गाजर आणि कोबी बेकरीच्या मागच्या वाफ्यातले, तिनेच लावलेले. वाटाण्याचं घट्ट सूप. उकडलेली अंडी. भरड पिठाचा पाव, आणि दह्याचं भांडं. दादाच्या हातावरच्या पट्टीकडे तिने एकदा पाहिलं आणि वाढायला घेतलं. वाढताना कुणाला काय आवडतं ते तिला विचारावं लागत नव्हतं. गाजर ताईच्या ताटात जास्त, घेवडा छोटूच्या, आणि वहिनीला सूप तळाचं घट्ट.

सुरुवातीला चमच्यांचाच आवाज होता. मग ताई म्हणाली, "हा घेवडा अजून तस्साच लागतो." छोटू म्हणाला, "शाळेतून आल्यावर आपण कच्चाच खायचो, वाफ्यात उभं राहून." वहिनीने दादाचं ताट बघितलं. त्याने चार घास खाल्ले होते आणि हात आखडता घेतला होता.

"खा ना," ताई म्हणाली.

"बास. थोडी जागा ठेवतो. अण्णांची शिस्त."

आणि अण्णांचं नाव निघालं तसा टेबलावरचा ताण एकदम सैल पडला. ज्याला त्याला काही ना काही सांगायचं होतं.

"शेवटचा पाव कधी घ्यायचे नाहीत," ताई म्हणाली. "ताटलीत एक उरला की ताटली माझ्याकडे सरकवायचे. आणि वर म्हणायचे, मला जड होतो."

"आणि जेवल्यावर चालायला!" छोटू म्हणाला. "पाऊस असो, थंडी असो, आईला घेऊन कालव्यापर्यंत. मी खिडकीतून बघायचो. दोघं पुढेमागे नाही, बरोबर चालायचे. मी माझ्या जिममध्ये सगळ्यांना सांगतो, जेवल्यावर चाला, माझे वडील चालायचे."

"पोट थोपटायचे," दादा हसला. "ढोल वाजवल्यासारखे. म्हणायचे, ऐका, भरल्याचा आवाज!"

तिघं एकदम हसली. तिघांच्या चेहऱ्यावर एकच लहानपण आलं होतं. वहिनीला त्या क्षणी ती तिघं तिच्या ओळखीची वाटेनात. एका बाकावर बसलेली, पाय जमिनीला न पोचणारी तीन मुलं दिसली.

आईने पळी भांड्यात ठेवली.

"शिस्त कसली रे," ती म्हणाली.

ती रागावली नव्हती. आवाज नेहमीचाच होता, भाजी निवडताना बोलते तसा.

"ही भट्टी तेव्हा आपली नव्हती. तुमचे अण्णा दुसऱ्याच्या भट्टीवर पीठ मळायला जायचे. सायकलवरून टाकायचे ते पावही त्या मालकाचेच. आणायचे तेवढ्यात आपण पाच जण. जे असायचं ते मी टेबलावर ठेवायचे, आत काही उरलेलं नसायचं. ते जागा ठेवून उठायचे, कारण ती भरायला काही नव्हतं. तुम्ही तिघं डोळे लावून बसलेले असायचात, म्हणून पोट थोपटायचे."

छोटूच्या हातातला चमचा ताटाला टेकला.

"पण चालायला जायचात ना?" त्याने विचारलं. जणू निदान तेवढं तरी खरं असावं.

"जायचो. घरात बसलं की भूक आठवते. चाललं की जरा विसर पडतो. मग घरी येऊन लगेच झोपायचं." आई थांबली. मग तिच्या ओठांच्या कडेला हसू आलं. "पुढे भट्टी आपली झाली. मग पोटभर जेवायचे ते. काय आवडीने जेवायचे! एकेक वाटाणा चावून. तुम्ही तोवर मोठे झाला होतात, आपापल्या वेळेला येत होतात, खात होतात, जात होतात. तुम्ही ते पाहिलंच नाही. चालणं मात्र सुटलं नाही. एव्हाना गोडी लागली होती. म्हणायचे, आता भूक विसरायला नाही, जेवण आठवायला चालू."

दादा ताटाकडे बघत होता. इतके दिवस तो ज्याला बापाचा ताबा समजून गिरवत होता, ती बापाची भूक होती. ढोलासारखा वाजलेला तो आवाज त्याच्या कानात पुन्हा आला, आणि ढोल पोकळ असतो म्हणूनच वाजतो, हे त्याला इतक्या वर्षांनी कळलं.

"म्हणजे आम्ही..." तो म्हणाला.

"तुम्ही काय? तुम्ही पोरं होतात. पोरांनी जेवायचं असतं. ते उपाशी उठायचे ते तुम्ही उपाशी राहावं म्हणून नव्हे, बाळा. त्यांनी आज तुला असं बघितलं असतं ना, तर घास घास करून भरवलं असतं."

दादाने पाव उचलला. पावाचा तुकडा त्याने सुपात बुडवला, तोंडात घातला, आणि चावता चावता त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी आपापल्या ताटात बघायचं काम काढलं.

ताईच तेवढी आईकडे बघत होती. आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारायचं तिचं काम. ताप किती, झोप लागली का, जेवण गेलं का. एक प्रश्न तिने कधी विचारलाच नव्हता.

"आई, आणि तू? तू तेव्हा काय खायचीस?"

"मी?" आई म्हणाली. "मला कुठे भूक असायची."



वहिनी टेबलाकडे बघत होती. चार ताटं. तिनेच मांडली होती, आईचं वगळून, रोज मांडते तशी. या घरात आल्यापासून मांडत होती. आई नंतर आत, ओट्यापाशी उभ्यानेच, उरलेलं काहीतरी भांड्यातल्या भांड्यात खायची. पहिल्या वर्षी वहिनीने विचारलं होतं, तेव्हा आई म्हणाली होती, मला असंच बरं वाटतं. मग विचारायचं राहून गेलं. घरात भरपूर असतानाही राहून गेलं. आज तिच्या वाढदिवसालाही राहून गेलं होतं. नवऱ्याच्या अर्ध्या काकडीवर नजर ठेवणारी मी, वहिनीच्या मनात आलं, आणि हे मला दिसलं नाही?

ताईने हात पुढे करून आईचं मनगट धरलं. नाडी बघायला धरतात तसं. तिचा अंगठा आणि बोट मनगटाभोवती मिळाले आणि वर जागा उरली.

"मी हॉस्पिटलात सगळ्यांना सांगते," ताई हळूच म्हणाली, "माझी आई बघा या वयातही किती सडपातळ आहे."

वहिनी उठली. कपाटातून पाचवं ताट आणलं आणि टेबलावर ठेवलं. दादाने उठून स्वतःची खुर्ची दिली.

"अगं, मी नंतर..." आई म्हणाली.

"नंतर नाही," ताई आणि वहिनी एकाच वेळी म्हणाल्या. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ताई आल्यापासून त्या पहिल्यांदाच एका बाजूला होत्या.

"वहिनी, तू अंडी वाढ तिला. दोन वाढ."

"सूपही घट्टच देते. रोज तळाचं आपल्याला वाढतात आणि स्वतः वरचं पाणी पितात, माहितेय का तुम्हाला?"

"मला काय माहीत! मी आठवड्यातून एकदा येते आणि सगळ्यांना शहाणपण शिकवून जाते."

"ते जाऊ द्या, ताई. मी तर रोज असते."

आई खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, कोणीतरी हाक मारली की लगेच उठता यावं तशी. समोरच्या भरल्या ताटाकडे तिने परक्याच्या सामानाकडे बघावं तसं पाहिलं.

"आता मी काय करू?"

"चावायचं," छोटू म्हणाला. "मी सगळ्यांना तेच सांगतो. सावकाश चावायचं."

"आधी यानं जेवायचं." आईने दादाकडे बोट केलं. "हा पोटभर जेवला तर मी जेवते."

"आणि तू जेवलीस तर मी," दादा म्हणाला. ताट घेऊन तो खिडकीत टेकला होता.

अशी त्या मायलेकांची बोली झाली. आई पहिले काही घास भराभर गिळत गेली. उभ्याने खाणाऱ्या माणसाची सवय होती ती. ताईने दोनदा तिच्या हातावर हात ठेवला, तेव्हा कुठे तिचा वेग उतरला.

फोटोवाला दुसऱ्या दिवशी आला आणि परत गेला. छोटूने भिंतीवरचं दादाचं पोट स्वतः स्टुलावर चढून उतरवलं. तिथे त्याने काही लावलं नाही. पुढे त्या भिंतीशी एक बाक आला आणि त्यावर लोक बूट बदलायला लागले. जिमचं नाव फार मोठं झालं नाही. पण नव्या माणसाला छोटू आता पहिल्या दिवशी वजनकाट्यावर उभं करेनासा झाला. तो आधी विचारायचा, घरी जेवायला कोणाबरोबर बसता? काही जण हसायचे, काही जणांना उत्तर द्यायला वेळ लागायचा.

डॉक्टरांनी दादाची गोळी बदलली, मात्रा कमी केली. दोन महिन्यांत उतरलेलं वजन थोडं परत आलं तेव्हा दादा धास्तावला, पण ताईने त्याला वॉर्डातल्या गोष्टी सांगितल्या नाहीत. ती वहिनीबरोबर ओट्याशी बसली आणि त्याला रोज काय काय आवडतं ते विचारून घेतलं. त्यातलं थोडंच सुटलं. पांढऱ्या पावाची जागा भरड पावाने घेतली, तळणीचं कमी झालं, ताटात भाजीचा ढीग मोठा झाला, आणि वाटाण्याचं सूप आठवड्यातून कधीही व्हायला लागलं. भरड पिठाचा पाव दादाने इतका सुधारला की गिऱ्हाईकही तोच मागायला लागलं. वहिनीचा स्वयंपाक पुन्हा वहिनीचा झाला. वजन मग हळूहळू, कोणाच्या लक्षातही येऊ नये अशा गतीने, उतरत गेलं. फोटो काढण्यासारखं त्यात काही नव्हतं. वर्षाच्या शेवटी डॉक्टर रिपोर्ट बघून "ठीक आहे, असंच चालू द्या" म्हणाले. दादाला सगळ्यात आवडलं ते 'चालू द्या'.

संध्याकाळी जेवून तो आईबरोबर कालव्यापर्यंत जायचा. सुरुवातीला तो तिला सोबत म्हणून जात होता. मग त्याच्या लक्षात आलं की चढावर तीच त्याच्यासाठी थांबते. वाटेत ती अण्णांच्या गोष्टी सांगायची. उपाशी दिवसांच्या नव्हे, नंतरच्या. पहिल्या फळांच्या हंगामात ते कसे पेटीच उचलून घेऊन आले, दही कसं भांडं पुसून खायचे, एकदा सुपाची तिसरी वाटी मागताना कसे लाजले. दादाला हे वडील नवे होते. तो ऐकत चालायचा आणि मध्येच विचारायचा, "मग? मग काय खाल्लं?"

रविवारी दुपारी मात्र सगळे वरच्या खोलीत जमायचे, वाढदिवस नसतानाही. पाच ताटं. आईचं आधी वाढायचं, असा वहिनीचा कायदा होता. आईने तो बरेच दिवस कुरकुरत पाळला. मधूनच उठून ओट्याकडे जायची, झाकण शोधायच्या निमित्ताने. ताई तिला पदराला धरून बसवायची. पुढे ती खुर्चीच्या कडेवरून मागे सरकली, पाठ टेकायला लागली. मनगटही जरा भरलं.

अशाच एका रविवारी दादा, ताई आणि छोटू यांचा वाद रंगला होता. अण्णांची सायकल निळी होती की हिरवी. ताई म्हणत होती हिरवी, छोटू म्हणत होता निळी, मी टोपलीत बसायचो, मला माहीत. दादा दोघांनाही मूर्खात काढत होता. त्या गोंधळात आईने घेवड्याचा शेवटचा घास सावकाश चावून संपवला, रिकामं ताट जरासं पुढे सरकवलं आणि म्हणाली, "अजून थोडं वाढ."

सायकलचा रंग तिथेच राहिला. छोटू हातवारे करता करता थांबला. या वाक्याची त्या टेबलावर कोणालाच ओळख नव्हती.

आई दचकली. "नसेल तर राहू दे," ती घाईघाईने म्हणाली.

"आहे," वहिनी म्हणाली, आणि भांडं तिच्याजवळ असूनही तिला पळी सापडेना. "आहे, आई. खूप आहे."